गच्चीवरील शरसंधान

जी वस्तू बाजारात पैसे टाकताच कागदात गुंडाळून हाती पडते, तीच वस्तू पहाटे तीन वाजता उठून, अंगावर पालापाचोळा धारण करून, ओल्या जमिनीवर मांडी ठोकून, डासांना यथेच्छ रक्तदान करून आणि अखेर बहुधा रिकाम्या हातांनीच घरी परतून मिळवू पाहणे, यास सुधारलेल्या जगात छंद असे म्हणतात. हेच काम एखाद्या गृहस्थास पगार देऊन सांगितले असते, तर पहिल्याच आठवड्यात त्याने सहकाऱ्यांची संघटना स्थापून मालकाच्या दारावर मोर्चा नेला असता. परंतु तेच स्वखर्चाने, रजा खर्ची टाकून आणि पत्नीचा रोष पत्करून करावयाचे असले, म्हणजे त्याच गृहस्थाच्या मुद्रेवर असे काही तेज चढते की, पाहणाऱ्यास आपण आजवर सुखाने झोपत आलो याचीच शरम वाटू लागावी. मला ही शरम वाटावयास लावण्याचे श्रेय सर्वस्वी माझ्या भाच्याचे आहे.

वास्तविक, उभी हयात रिंग रोडवरील कापडबाजारात दुसऱ्याच्या पेढीचा जमाखर्च लिहिण्यात घालविलेल्या आणि आता लिंबायतीतील आपल्या दुमजली घराच्या गच्चीवर ऊन खात बसलेल्या मजसारख्या माणसाचा मृगयेशी संबंध येण्याचे काहीच कारण नव्हते. शिवाजी महाराज १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरतेस आले, कामगिरी आटोपली आणि परत गेले. आम्ही खानदेशातील लोक मात्र भुसावळ-सुरत गाडीने आलो आणि परतीचे तिकीट काढावयाचे राहून गेल्यामुळे येथेच स्थायिक झालो. आमच्या लिंबायतीत यंत्रमागांचा खडखडाट आहे, साड्यांच्या गठ्ठ्यांखाली दबलेले टेम्पो आहेत, पावसाळ्यात पाणी साठवून वाहतूक थोपवून धरणारे रेल्वेचे गरनाळे आहे, श्रावणात वाजतगाजत येणारी कानबाई आहे. नाही ते फक्त अरण्य. अरण्य नाही म्हणून श्वापद नाही आणि श्वापद नाही म्हणून शिकारी नाही, असा सरळ हिशेब वर्षानुवर्षे चालला असता, हिवाळ्याच्या सुटीत पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या माझ्या भाच्याने आमच्या ओटीवर आपली बॅग उघडली.

अमेरिकेहून आलेली बॅग उघडली जात असता घरातील प्रत्येक जण आपापल्या अपेक्षेप्रमाणे तिच्याभोवती मोक्याची जागा धरून बसतो, हा सार्वत्रिक नियम आहे. मुलांच्या डोळ्यांपुढे चॉकलेटे तरळत होती, त्याच्या मामीच्या डोळ्यांपुढे बदाम, आणि माझ्या डोळ्यांपुढे दाढीचे विजेवरील यंत्र. प्रत्यक्षात आतून निघाला तो, आपादमस्तक कापडी पाने शिवलेला एक अवाढव्य अंगरखा.

“मामा, हे काय आहे, ओळखा बरं.”

“पायपुसणं,” मी म्हणालो.

“छे, छे! हा शिकारीचा पोशाख आहे. हा घालून झाडाखाली बसलो की, टर्कीलासुद्धा मी दिसत नाही.”

“आणि दिसलास तर?” मामीने काळजीने विचारले, “चावते का रे ती?”

टर्की चावत नाही, पळून जाते, आणि हेच शिकाऱ्याचे खरे दुःख आहे, असा खुलासा त्याने केला. शेतावर पाळून लठ्ठ केलेली टर्की वेगळी आणि रानातील टर्की वेगळी. रानटी टर्की ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने धावते, थोड्या अंतरापुरती नव्वदीच्या आसपास वेगाने उडते आणि रात्री उंच झाडावर झोपते. निसर्गाने तिला नाक देताना जी काटकसर केली, तिची भरपाई डोळे देताना केली असून, हे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळे मान किंचित वळविताच तिला चहूकडचे दिसते. माणसाने बसल्या जागी नाक खाजविले, तरी ती घटना तिच्या दप्तरी नोंदली जाते. बंदुकीने तिला चाळीस पावलांवरून टिपता येते; धनुष्याने मारावयाची तर ती वीस पावलांवर यावी लागते, तिच्या देखत प्रत्यंचा आकर्ण ओढावी लागते आणि मुठीएवढ्या मर्मस्थानाचा वेध घ्यावा लागतो.

“मग बंदूकच का नाही वापरत?” मी विचारले.

“त्यात मजा नाही, मामा. फार सोपं होतं.”

सारे आयुष्य हिशेबात गेल्यामुळे असेल, परंतु ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळला म्हणून ‘यात मजा नाही’ असे म्हणत मुद्दाम दोन रकमा चुकविणारा मुनीम मी अद्याप पाहिलेला नाही. भाच्याने मग आपल्या धनुष्याचे छायाचित्र दाखविले. त्यास दोन टोकांस कप्प्या होत्या, मधून तारा फिरत होत्या, नेम धरण्यासाठी दिव्यासारखे काही लुकलुकत होते आणि प्रत्यंचा सोडण्यासाठी मनगटास बांधावयाचा निराळा चाप होता. हे आयुध प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांच्या हाती दिले असते, तर त्यांनी प्रथम ते कोणत्या बाजूने धरावयाचे याची पृच्छा केली असती. इतकी यंत्रसामग्री खरेदी केल्यावर बंदूक सोपी वाटते म्हणून वर्ज्य करणे, यातील तर्क मला समजला नाही. परंतु जावई, भाचा आणि परदेशस्थ या तिन्हींशी तर्क लढवू नये, आणि आमचा भाचा यांपैकी दोन होता.

शिकारीची पद्धती मात्र मोठी मनोरंजक निघाली. वसंतऋतूत टर्कीचा नर एका जागी उभा राहतो, पिसारा फुलवितो, गळा काढून गर्जना करतो आणि माद्यांनी आपल्या दर्शनास यावे अशी अपेक्षा धरतो. शिकारी झुडपात बसून मादीचा आवाज काढतो व त्या नरालाच आपणाकडे बोलावतो. हे त्यांच्या कुळाचाराच्या विरुद्ध असल्यामुळे नर साठ-सत्तर पावलांपर्यंत येऊन थबकतो, आणि मुलीकडच्यांनीच इकडे यावे असा हट्ट धरून मांडवाच्या दाराशी अडून बसलेल्या वरपित्याप्रमाणे, तेथूनच गुरगुरत राहतो. इकडे शिकारी हलू शकत नाही, तिकडे नर हलू इच्छित नाही. उभय पक्षांची प्रतिष्ठा सांभाळता सांभाळता दुपारचे बारा वाजतात, आणि कित्येक ठिकाणी हंगामाच्या आरंभीचे दिवस बारा वाजता शिकार बंद करण्याचा सरकारी हुकूम असल्यामुळे दोघेही आपापल्या घरी जेवावयास जातात.

या पेचावर तोडगा म्हणून शिकारी मैदानात एक रबराची मादी मांडतात आणि तिच्या शेजारी एक रबराचाच कोवळा नर उभा करतात. मादीच्या आर्जवास ज्याने दाद दिली नाही, तोच मानी पक्षी, दुसऱ्याचे बरे चाललेले दृष्टीस पडताच, सर्व कुळाचार गुंडाळून त्या पोराच्या अंगावर धावून येतो. “ही विद्या आमच्या बाजारात जुनी आहे,” मी म्हणालो. कारण, रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही हे जाणून, गादीवर दोन ओळखीची माणसे गिऱ्हाईक म्हणून बसविणारे आणि त्यांना पाहून शेजारच्या दुकानातील खरे गिऱ्हाईक ओढून घेणारे व्यापारी मी पाहिले आहेत. आणखी एक नियम त्याने सांगितला. शिकाऱ्याने तांबडा, पांढरा व निळा हे तीन रंग अंगावर घालू नयेत, कारण नराच्या मस्तकावर हेच तीन रंग असतात आणि दुसरा एखादा उतावीळ शिकारी त्यांवर नेम धरण्याची भीती असते. म्हणजे अमेरिकेच्या रानात अमेरिकन माणसाने आपल्या राष्ट्रध्वजाच्या रंगांचा सदरा घालणे हे प्राणावर बेतणारे देशप्रेम होय.

“पण मामा, तुम्हाला टर्की म्हणजे काय ते कसं समजणार? हा पक्षी इकडचा नाहीच,” असे तो शेवटी दयार्द्र स्वरात म्हणाला, तेव्हा मात्र माझ्यातील जुन्या दप्तरांचा वाचक जागा झाला. माणूस अज्ञानी ठरला तरी चालेल, परंतु त्याचे शहर अज्ञानी ठरता कामा नये. मी त्यास सांगितले की, बाबा रे, तुझ्या पेनसिल्व्हेनियाची सनद विल्यम पेनला १६८१ साली मिळाली. त्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे या सुरत बंदराच्या मुतसद्द्याने टर्की विकत घेतलेली आहे. मुकर्रबखान हा जहांगीर बादशहाचा मर्जीतला अंमलदार, सुरत आणि खंबायत बंदरांचा कारभार पाहणारा, आणि १६०८ साली सुरतेस उतरलेल्या कप्तान हॉकिन्सचा माल अडवून त्या बिचाऱ्यास जन्मभर पुरतील इतक्या तक्रारी लिहावयास लावणारा. बादशहाने त्यास गोव्यास पाठविले आणि फिरंग्यांकडील दुर्मीळ वस्तू ते सांगतील त्या किमतीस घेण्याची आज्ञा दिली. किमतीची घासाघीस करू नये असा हुकूम सुरतेच्या इतिहासात तो बहुधा पहिला आणि शेवटचा असावा. १६१२ साली खान दरबारी हजर झाला, तेव्हा त्याने आणलेल्या नवलाईत टर्की होती.

बादशहा तिच्यावर इतका खूश झाला की, आपल्या आत्मवृत्तात त्याने तिचे सविस्तर वर्णन लिहिले. आकार लांडोरीहून मोठा व मोराहून लहान. माजावर आली म्हणजे पिसारा पसरून नाचते. मस्तकाचा आणि गळ्याचा रंग सरड्याप्रमाणे घटकेत पोवळ्यासारखा तर घटकेत कापसासारखा. चोचीवरील मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखे लोंबते, तर कधी गेंड्याच्या शिंगासारखे ताठ उभे राहते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हाच बादशहा एक नंबरचा शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून आपल्या समक्ष झालेल्या शिकारीची त्याने वाकनिसांकडून मोजदाद करविली, तेव्हा आकडा २८,५३२ भरला, आणि त्यांपैकी १७,१६७ जीव खुद्द त्याच्या हातून पडलेले निघाले. त्यांत वाघ-सिंह तर होतेच, परंतु पारव्यांची संख्या दहा हजारांच्या वर होती. असा हा पारवे सुद्धा न सोडणारा पुरुष टर्कीसमोर उभा राहिला, आणि त्याने धनुष्य मागविले नाही, चित्रकार बोलाविला. उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेले टर्कीचे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

भाच्याने यावर बेंजामिन फ्रँकलिनला मैदानात उतरविले. १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिनने, राष्ट्रीय चिन्हावरील गरुड हा दुसऱ्याचे भक्ष्य लुबाडणारा नीतिभ्रष्ट पक्षी असून त्याच्या मानाने टर्की थोडी पोकळ डौलाची, पण अब्रूदार आणि धैर्यवान आहे, असा निवाडा दिला होता. अब्रूदार म्हणून प्रशस्तिपत्र दिलेल्या पक्ष्याची पुढील दीडशे वर्षांत अमेरिकनांनी इतकी कत्तल केली की, पुष्कळशा राज्यांतून तो नाहीसाच झाला. मग उरलेले पक्षी जाळी उडवून पकडून, पेट्यांत घालून, ठिकठिकाणी नेऊन सोडण्याचा खटाटोप करावा लागला, आणि आज त्यांची संख्या पुन्हा लाखांच्या घरात गेली आहे. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला आणि १९७२ साली धनुष्यबाणही त्या कराच्या जाळ्यात आले. म्हणजे शिकारी प्रथम टर्कीच्या योगक्षेमासाठी वर्गणी भरतो आणि नंतर तिला मारण्यासाठी रानात जातो. योगायोग असा की, त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तिकडे धनुष्यावर कर बसला. इकडे धनुष्याची नोकरीच गेली.

“म्हणून म्हणतो, मामा,” भाचा उत्साहाने म्हणाला, “खरा पक्षी मारायचाच नाही. नुसतं तंत्र शिकायचं. निशाणाला लोड लावू.”

शिकारीशिवाय शिकारीचा सराव ही कल्पना, जमेची बाजू कोरी ठेवून फक्त खर्चाची बाजू लिहिण्यासारखी होती. परंतु निवृत्त मनुष्याजवळ नाही म्हणण्यास कारण नसते, कारण त्याच्या वेळेची किंमत घरातल्यांनी फार पूर्वीच शून्य लावलेली असते. धनुष्यासाठी आम्ही डांगात आहव्यास गेलो. धनुष्य म्हटले की, आम्हा खानदेशी माणसांच्या डोळ्यांपुढे भिल्ल उभा राहतो. त्यांच्या धनुर्विद्येचा धाक असा की, इंग्रजांना त्यांचा बंदोबस्त करता येईना, तेव्हा १८२५ साली औट्रम नावाच्या अधिकाऱ्याने त्यांनाच पलटणीत भरती करून खानदेश भिल्ल पलटण उभारली. बाजारात एका वृद्ध गृहस्थाजवळ बांबूची सुरेख धनुष्ये होती. दोरीदेखील बांबूच्याच सालीची. अंगठा न लावता दोन बोटांनी ती कशी ओढावयाची, ते त्याने दाखविले आणि विचारले, “काय मारायचं आहे?”

“लोड,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“टेकून बसायचा लोड.”

त्याने क्षणभर माझ्याकडे, क्षणभर भाच्याच्या पानांच्या अंगरख्याकडे पाहिले, माझ्या हातातील धनुष्य शांतपणे काढून घेतले आणि दुसरे, हातभर लांबीचे, पुढे केले. “मग हे न्या. पोरांचं आहे.”

एकलव्याने अंगठा कापून दिला, तरी त्याच्या वंशजांचे बाण आजतागायत लागत आहेत. माझी दहाही बोटे शाबूत असून बाण कोठे लागेल, हे मात्र तो लागेपर्यंत कोणास सांगता येत नसे. गच्चीच्या एका टोकास पाण्याच्या टाकीशेजारी ओटीवरील लोड उभा केला, त्यावर नातवंडांनी रंगीत खडूने एक टर्की काढली, आणि दुसऱ्या टोकास मी वीरासन घातले. पहिल्या बाणाने शेजारच्या गच्चीवरील कुरडयांच्या ताटाचा वेध घेतला. नंतरचा एक केबलच्या तारेत अडकून आमच्या आळीची दूरदर्शनसेवा सायंकाळपर्यंत खंडित करता झाला. लोडास स्पर्श करण्याचा पराक्रम त्या सप्ताहात एकट्या मांजराने केला. ते त्यावर चढून झोपले, आणि तेवढे स्थान सुरक्षित आहे हे त्याने कोणत्या आधारे ओळखले, याचा विचार करणे मी टाळले.

वार्ता पसरण्यास लिंबायतीत वेळ लागत नाही. २०२२ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील धनुष्यबाणवाले आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात उतरले आणि पुढे गुवाहाटीस रवाना झाले, तेव्हापासून या शहरात धनुष्याकडे कोणी निर्हेतुक दृष्टीने पाहत नाही. समोरच्या पानवाल्याने मला खाली बोलावून, इकडेतिकडे पाहत, हलक्या आवाजात विचारले, “आप्पा, तुम्ही कोनता गटना शेतस?” मी कोणत्याच गटाचा नाही, असे सांगितल्यावर तो डोळा मिचकावून म्हणाला की, सगळे आधी असेच म्हणतात.

नेमबाजीत प्रगती होईना, तेव्हा भाच्याने दडून बसण्याचे शिक्षण हाती घेतले. साड्यांच्या गठ्ठ्यांचे जुने बारदान शिवून त्याने गच्चीवर एक तंबू उभारला. त्यात मी पानांचा अंगरखा घालून तीन तास निश्चल बसावे, अशी आज्ञा झाली. रानात पानांचा अंगरखा घातलेला माणूस दिसत नाही हे खरे असेल. परंतु ज्या वस्तीत एकही झाड नाही, तेथे झाडाच्या वेषात बसलेल्या माणसाइतकी ठळक दिसणारी वस्तू दुसरी नाही. येथे लपावयाचेच असेल, तर छापील सिंथेटिक साडी नेसून बसावे लागेल. घटकाभरात आसपासच्या सर्व गच्च्या प्रेक्षकांनी भरल्या. तंबू, त्यात मौन धारण करून बसलेला वयस्क इसम आणि बाहेर उभा असलेला परदेशी दिसणारा तरुण, यावरून जनतेने एकच निष्कर्ष काढला. पाणी कमी दाबाने येते म्हणून आप्पा उपोषणास बसले! कोपऱ्यावरचे एक म्हातारबाबा घोंगडे घेऊन वर आले. “पानी करता बसनात का? मी बी बसस,” म्हणत त्यांनी माझ्या शेजारी मांडी घातली. पाठोपाठ वॉर्डातील एक होतकरू कार्यकर्ता हार घेऊन आला, त्याने माझ्या गळ्यात तो घातला, छायाचित्र काढविले आणि आपला संपूर्ण पाठिंबा जाहीर केला. शिकाऱ्याने हलू नये व बोलू नये हा नियम मी कसोशीने पाळीत असल्यामुळे खुलासा करणे शक्य नव्हते. खरा प्रसंग जेवणाच्या वेळी आला. कारण उपोषणकर्त्याने पोळी-भाजी मागितल्याचे पाहून म्हातारबाबांची माझ्यावरील श्रद्धा कायमची उडाली.

भाच्याजवळ अद्याप आवाजांचे अस्त्र शिल्लक होते. पहाटे घुबडाचा आवाज काढला असता झाडावरील नर चिडून गर्जना करतो व त्याचा पत्ता आयता कळतो, असे शास्त्र असल्यामुळे, एका पहाटे त्याने आमच्या गच्चीवरून घुबडाचा घूत्कार इतका हुबेहूब काढला की, टर्की नव्हे तरी सारी आळी जागी झाली. सूर्योदयास आमच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची, पुढच्या चौकात उतारा आणि पत्नीच्या मुद्रेवर अंगारा दिसला. त्यानंतर निघाली ती लाकडी पेटी. हिच्या झाकणास खडू घासून ते पेटीच्या कडेवरून हलकेच ओढले की, मादीची आर्जवी साद निघते. अमेरिकेतील नर या सादेवर भुलून मृत्युमुखी पडतात म्हणे. मी दोन दिवस ती मनोभावे वाजविली आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या निद्रेनंतर पाहतो तो पेटी मुकी झालेली.

“अहो, गच्चीच्या दाराची करकर किती दिवस चाललीय, कोणाचं लक्ष आहे का या घरात?” पत्नी म्हणाली, “बिजागरीत तेल घातलं तरी थांबेना. शेवटी ती पेटी सापडली. तिच्यातही घातलं. आता कशी गप्प बसलीय बघा!”

तेल प्यायलेल्या पेटीवर खडू चालत नाही. मंत्रविद्या संपल्यामुळे मी पुन्हा अस्त्रविद्येकडे वळलो आणि त्याच दिवशी माझ्या हातून सुटलेल्या बाणाने, आमच्या आळीच्या इतिहासात नोंद व्हावी असे काम केले. शेजारच्या वहिनी घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटविण्याचे काम करतात. तयार साडी घडी घालून त्यांनी कठड्यावर ठेवली होती. बाण तिच्या सर्व घड्यांतून आरपार गेला. मी नुकसानभरपाईची रक्कम मनात मांडीत असतानाच वहिनींनी साडी उलगडली, तो काठापासून पदरापर्यंत समान अंतरावर एकसारखी भोके. “आप्पा, हाई काय शे?” त्यांनी कपाळास हात लावला. सायंकाळी माल घ्यावयास आलेल्या व्यापाऱ्याने ती साडी उजेडात धरली, बोटे घालून अंतर मोजले आणि विचारले की, हे कटवर्क कोणी केले, नगाला काय घेतो आणि परवापर्यंत पाचशे साड्या होतील काय. मी वयाचे कारण सांगून ऑर्डर नाकारली. पण सुरतेत कोणतीही कल्पना एका माणसाच्या मालकीची फार काळ राहत नाही. आठवड्याभरात तसल्या भोकांच्या साड्या बाजारात लटकू लागल्या होत्या, आणि त्यांची भोके बाणाने पाडलेली नसल्यामुळे अधिक सुबक होती.

भाच्याच्या निरोपाच्या रात्री मामीने शेवभाजी केली होती. जेवताना तिने सहज विचारले, “अरे, एवढी खटपट करून मारलेली ती टर्की तुम्ही करता तरी कशी? रस्सा की सुकी?”

भाचा घास चावू लागला. तो फार वेळ चावीत राहिला.

“तशी अजून… मिळाली नाही.”

“यंदा नाही मिळाली?”

“आजपर्यंतच नाही, मामी. एकदा वीस पावलांवर आली होती, पण मला शिंक आली.”

“मग नोव्हेंबरात तुमचा तो टर्कीचा सण असतो, त्याला रे?”

“दुकानातून आणतो,” तो म्हणाला, आणि मग एकाएकी त्याच्या मुद्रेवर पूर्वीचे तेज परत आले. “पण माझं चुकतच होतं. ते कप्प्यांचं धनुष्य फार सोपं आहे. पुढच्या वसंतात मी मामांचं बांबूचं घेऊन जाणार!”

आणि तो ते खरोखरच घेऊन गेला. हातभर लांबीचे, पोरांचे, आहव्याच्या बाजारातील ते धनुष्य सध्या पेनसिल्व्हेनियात असून, त्याच्या जोडीला वापरण्याचे अवघड असे आणखी काही मिळते काय, याची भाचा तपास करीत असल्याचे त्याच्या पत्रावरून समजते.

सबब, पेनसिल्व्हेनियातील समस्त टर्की पक्ष्यांनी येत्या हंगामात निर्धास्त असावे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी सुटीत अमेरिकेचा भाचा यावयाचा असेल, त्यांनी बॅग उघडण्यापूर्वी ओटीवरील लोड उचलून आत ठेवावा, शेजाऱ्यांना गच्चीवर कुरडया वाळत घालू नका म्हणून बजावावे, आणि तेलाची बुधली घरधनिणीच्या हाताशी राहील अशी व्यवस्था करावी, ही विनंती.